पहिल्या भाकरीचं व्रत

बेलापूर, ८ सप्टेंबर

सुश्रुत,

गेल्या पत्राच्या आरंभी 'चिरंजीव' लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. इतकं दीर्घ जगायची तुझी तयारी नसावी असं धरून या खेपेला नुसतं नाव लिहिते. फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस. पोस्टमनला अडवायची सोय अजून निघालेली नाही, तोवर माझी चैन आहे.

बंगळूरला हवा बरी असेल. विम्याच्या कचेरीत बसून माणसांऐवजी माणसांचे कागद तपासायचे, म्हणजे कुणी अंगावर येत नाही. नाना असते तर म्हणाले असते, 'शल्यविद्येच्या आचार्याचं नाव ठेवलं, आणि पोरगा टाचणीपलीकडे शस्त्र हातात धरीत नाही.' मी तसं म्हणत नाही. मी फक्त नानांचं म्हणणं कळवते.

डाव्या कानानं आता किती ऐकू येतं?

शाळा सुटून घरी आले की मला हल्ली दुपारची झोप लागते. कालव्याला आवर्तन सुटलं आहे. खिडकीतून पाण्याचा आवाज येतो आणि त्या आवाजात सगळं गाव हळूहळू तळाशी जाऊन बसतं. म्हशी, ट्रॅक्टर, देवळाचा कळस, सगळं पाण्याखाली, आणि कुणालाच वर यायची घाई नाही. काल तशीच बुडालेली असताना दाराची कडी वाजली. उघडलं तर रतनबाई.

दचकू नकोस. हो, तीच. जिची थोरली सून निकिता तुझ्या ड्यूटीवर बाळंतपणात रक्त जाऊन गेली, आणि जिच्या थोरल्या लेकानं, गोरक्षनं, तालुक्याच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात तुझ्या कानाखाली मारली, ती रतनबाई. निकिताच्या दहाव्याला मी ज्या घरी गेले म्हणून तू बोलणं टाकलंस, ते तिचं घर. तेव्हा म्हटलं होतं तेच आज म्हणते: दहाव्याला माणूस गेलेल्यासाठी जातो, मारणाऱ्यासाठी नव्हे. आपलं भांडण इथे खुंटीला अडकवून ठेवते आणि पुढे लिहिते.

रतनबाई उंबऱ्याशीच टेकली. चहा नको म्हणाली, आणि मग प्याली.

"ताई, धाकलीला दिवस गेल्यात."

धाकली म्हणजे धाकट्या लेकाची, वाल्मिकची बायको, ज्ञानेश्वरी. माहेर कर्जतकडचं, पण आई नाही, तेव्हा बाळंतपण सासरीच.

"चांगलं झालं की," मी म्हटलं.

"चांगलं कशाचं? थोरलीच्या टायमाला बी असंच म्हनलं हुतं समद्यांनी. तुमी शास्तरीबाबांच्या लेक. काय तरी उपाय सांगा. आमच्या घराला बाळंतीन लाभत न्हाई."

बघ, एवढी वर्षं झाली तरी या बायका माझ्याकडे डॉक्टरची बहीण म्हणून येत नाहीत. शास्त्र्याची लेक म्हणून येतात.

आज सकाळी त्यांच्या वस्तीवर जाऊन आले. ज्ञानेश्वरी ओट्यावर बसून काहीतरी कुरुमकुरुम चावत होती. मला पाहून तिनं मूठ झाकली. उघडायला लावली, तर आत पाटीवरची पेन्सिल.

गावातून पाट्या जाऊन किती वर्षं झाली, सुश्रुत. पेन्सिली मात्र दुकानात पुड्यापुड्यांनी खपतात, आणि घेणारी एकही शाळेत जात नाही. मी विचारलं, "पोटात काय लिहितेस गं?" ती हसली. हसली तेव्हा ओठ कुठे संपले आणि दात कुठे सुरू झाले ते कळेना, इतके दोन्ही एका रंगाचे.

पोरीच्या अंगात रक्त नाही. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही, हे तुला खिजवायला लिहिलं आहे.

तुझी,
ताई


बेलापूर, २९ सप्टेंबर

सुश्रुत,

उत्तर न देण्यातही तुझी एक शिस्त आहे, ती मला आवडते. सगळ्या पत्रांना सारखंच.

गावच्या आशा सेविकेनं ज्ञानेश्वरीच्या बोटाला टोचून पाहिलं. रक्त सहाच्या आसपास. तिला आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हंजे काठावर पास का, बाई?"

तिला दिलेल्या लोहाच्या गोळ्या रांजणामागे सापडल्या. त्या खाल्ल्या की पोर काळं होतं, आणि पोटभर जेवलं की पोर मोठं होऊन अडतं, अशा दोन विद्या त्या घरात परंपरेनं आल्या आहेत. पण त्या दोन्ही विद्यांवर मी पाणी सोडलं असतं. खरी गोष्ट दुपारी दिसली.

तिथे अन्नाला तोटा नाही. दारात दुभत्या म्हशी, कणगीत बाजरी, शेवग्याचं झाड कौलांवर ओणवलेलं. फक्त जेवायची रांग ठरलेली आहे. आधी रतनबाईचे मालक बन्सीभाऊ, मग दोघे लेक, मग कुणी आलंगेलं असेल ते, मग रतनबाई, आणि शेवटी ज्ञानेश्वरी. कुणी तिला उपाशी ठेवत नाही. "पोटभर खा गं," असं रतनबाई तिला रोज म्हणते. म्हणते तेव्हा पातेलं रिकामं असतं, इतकंच.

मी म्हटलं, "हिला आधी वाढत जा."

रतनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशीला आधी चहा द्यायला सांगितला. "गडी मान्सं बसायच्या आधी? ताई, मी पोटुशी हुते तवा भाकरीचा वास घ्यायची आन् निजायची." हे ती अभिमानानं म्हणाली. तुझ्या पुस्तकांत आजाराची कारणं लिहितात, त्यांत असला अभिमान कुठल्या रकान्यात बसवतात?

मग मी नानांचं आयुध काढलं. सांगितलं की, पाहुण्याच्याही आधी गर्भिणीला जेवू घालावं असं शास्त्रात स्पष्ट म्हटलं आहे. आणि हे खरं आहे, तुलाही ठाऊक आहे. रतनबाईनं हात जोडले आणि विचारलं,

"कंच्या वारी?"

त्या क्षणी मला कळलं, शास्त्र इथवर येऊन का थांबतं. त्याला वार नाही, कहाणी नाही, देवी नाही. नुसतं बरोबर असून कुणाचं भागलंय?

दुसऱ्या दिवशी शाळेत तास रिकामा होता. मी व्रत रचलं. श्लोकही केला:

गर्भिण्यै प्रथमं देयं ततो देवाय कल्पयेत् ।
कुक्षौ तस्याः स्थितो देवः क्षुधितः किं करिष्यति ॥

पहिला घास पोटुशीला, मग नैवेद्य. देव तर तिच्याच पोटात बसलाय. उपाशी राहून तो बिचारा काय करणार? वृत्त तपासून घे. तेवढं संस्कृत तुझ्यात उरलं असेल.

कहाणी अशी: एक नगर होतं. आपलं नव्हे, तिथले रस्ते बरे होते. अन्नपूर्णा पोटुशी बाई होऊन दारोदार गेली. जिथे जाई तिथे लोक म्हणत, बस बाई, आधी घरचे जेवू दे. ती बसून राहिली. बसता बसता तिच्या पोटातला देव भुकेनं झोपी गेला. देव झोपला तशी चूल झोपली, जातं झोपलं, पाटाचं पाणी जागच्या जागी झोपलं, उसाच्या पानांवरचा वारासुद्धा झोपला. तेवढ्यात एका म्हातारीनं तव्यावरची पहिली भाकरी उचलून तिच्या हातावर ठेवली. वाफ पोटात गेली. देवानं डोळे उघडले. पाणी हललं.

सांगताना माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. रतनबाई रडत होती. ज्ञानेश्वरीनं हळूच विचारलं, "बाई, रोज का?"

"रोज," मी म्हटलं. "बाळंत होईपर्यंत. खंड पडला तर देवी रुसते."

देवीला न विचारता तिचा राग मी परस्पर ठरवून टाकला. आपल्या व्यवसायात चालतं ते.

तुझी,
ताई


बेलापूर, ३ नोव्हेंबर

सुश्रुत,

व्रत लागू पडलं.

सकाळी तव्यावरची पहिली भाकरी, वर लोण्याचा गोळा, वाटीत गूळ-शेंगदाणे, शेवग्याची भाजी असेल तर तीही. ज्ञानेश्वरी पाटावर बसते, पूर्वेकडे तोंड करून (हे रतनबाईनं घातलं, मी नाही). ती खाते तोवर बन्सीभाऊ ओट्यावर बिडी विझवून बसतात. "बाई, तुमच्या देवीपायी आमच्या पोटात कावळं वरडाया लागल्यात," म्हणाले मला. पण देवीच्या पुढे जायची त्यांची छाती नाही. लोहाची गोळी प्रसाद म्हणून शेवटी. रक्त नवाच्या पुढे गेलं. पेन्सिली सुटल्या. दुकानदारानं मला नमस्कार केला नाही, यावरून समज.

गावातल्या आणखी घरांनी व्रत उचललं. भाजीबाजारात एकीनं मलाच कहाणी सांगितली आणि मी एक प्रसंग चुकवते आहे असं बजावलं. आपण लिहिलेलं आपल्याला परकं होऊन परत भेटतं, तेव्हा पुराणकारांना काय वाटलं असेल ते मला थोडंसं कळलं.

एकटा गोरक्ष माझ्याशी बोलत नाही. माझाच विद्यार्थी, दहावीला संस्कृतानं त्याला तारलं होतं. मी आले की तो उठून उसाकडे जातो. पुन्हा लग्न केलेलं नाही. रतनबाई म्हणते, "थोरला दगूड झालाय."

परवा दुपारच्या झोपेत निकिता आली. कालव्याच्या कठड्यावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. पलीकडे उसाला तुरे आले होते, ते पांढरे, आणि तीही तशीच पांढरी. दोन्हींच्या मधे रेघ नव्हती. हातात पेन्सिल. ती पाण्यावर काहीतरी लिहीत होती आणि पाणी ते अक्षर अन् अक्षर घेऊन पुढच्या गावाला जात होतं. मी विचारलं, "काय लिहितेस?" म्हणाली, "जेवनाची येळ." मग मलाच विचारलं, "बाई, तुमी जेवलात का?"

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून पलंगाखाली गेलं होतं. मी खरंच जेवले नव्हते.

तू जेवतोस ना वेळेवर?

ताई


बेलापूर, २० डिसेंबर

सुश्रुत,

आज हसू येत नाही. येईल तेवढं आणते.

दिवाळीनंतर शाळेच्या परीक्षांत मी अडकले आणि वस्तीवर फिरकले नाही. काल मार्गशीर्षातला गुरुवार होता, हळदीकुंकवाला बोलावलं म्हणून गेले. कांदालागणीचे दिवस. रानात रोपं लावायला बायका आलेल्या, त्यांचा स्वयंपाक, वर घरात मांडलेला घट. रतनबाई चुलीपुढे घामानं निथळत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"ताई, बरं आलात. बघा, नेम एक दिस बी चुकू दिला न्हाई."

तिनं तव्यावर पहिली भाकरी टाकली. बांगडीएवढी. फुगली, उतरली, लोण्याचा ठिपका लागला. ज्ञानेश्वरी रानातून वाकलेली तशीच आली, पाटावर बसली, पूर्वेकडे तोंड केलं, दोन घासांत ती भाकरी खाल्ली, नमस्कार केला आणि पुन्हा वाफ्यात जाऊन वाकली. मग मोठ्या भाकऱ्या सुरू झाल्या. बन्सीभाऊ जेवले, लेक जेवले, कामाच्या बायका जेवल्या, मी जेवले. ऊन कलल्यावर ज्ञानेश्वरीला हाक आली. "पोटभर खा गं," रतनबाई म्हणाली.

"ही भाकरी एवढीशी का?" मी विचारलं.

"ती देवीची हाय न्हवं," रतनबाई म्हणाली. "देवीला कितीशी लागती?"

तिच्या आवाजात लबाडी असती तर मला भांडता आलं असतं. लबाडी नव्हती. तिला कामं होती, आणि देवीही रुसायला नको होती. गावात आता सगळीकडे तशीच करतात. एका घरी तर वाटी पालथी घालून कापतात, म्हणजे एकसारखी गोल येते.

आणि मी कुणाला दोष देऊ? सोनं म्हणून आपट्याचं पान वाटणारी माणसं आपण. गणपती म्हणून सुपारी, वस्त्र म्हणून कापसाची माळ, दागिन्याच्या ऐवजी अक्षता, आणि काहीच नसलं तरी अक्षताच. नाना पूजा सांगताना हे रोज म्हणत, मी शेजारी बसून रोज ऐकत असे. देवाच्या नावावर लिहिलेली वस्तू आपल्या हातात आल्यावर लहान होत जाते, हे शिकवायला मला दुसरं कोण हवं होतं? भाकरी देवीच्या नावावर मीच लिहून दिली.

रक्त पुन्हा सातावर आलं आहे. सातवा महिना लागलाय. पोरगी चुलीमागे बसून पुन्हा काहीतरी चावत होती. या वेळी मी मूठ उघडली नाही.

सुश्रुत, हिला काय द्यायचं ते मला माहीत आहे. कसं द्यायचं ते सुचत नाही. तुझ्या खुर्चीवरून काही दिसत असेल तर लिही. तुझ्यामाझ्यातलं काहीही मिटवू नकोस, नुसतं एवढं लिही.

ताई


बेलापूर, ८ जानेवारी

सुश्रुत,

तुझं कार्ड आलं. मायना नाही, नमस्कार नाही, खाली सहीऐवजी नुसतं 'सु.' आणि मधे हे: "मापाशिवाय औषध नसतं. कहाणीत भाकरीचं माप घाल. घरातल्या सगळ्यांचे रक्तगट आत्ताच काढून ठेव, त्या दिवशी नको."

अक्षर अजून डॉक्टरचंच आहे. पोस्टमननं मला विचारलं, "औषधाची चिठ्ठी का, बाई?" मी म्हटलं, "हो, फार वर्षांनी मिळाली."

वस्तीवर गेले आणि रतनबाईला म्हटलं, कहाणीचा उत्तरार्ध सांगायचा राहिला होता. अन्नपूर्णा दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. म्हातारीच्या घरी आता सून होती. तिनं बांगडीएवढी भाकरी हातावर ठेवली. पोटातल्या देवानं एकच डोळा उघडला. जग तेवढंच जागं झालं: अर्धी चूल पेटली, जातं अर्धा फेरा फिरून अडलं, पाणी पाटाच्या निम्म्यात येऊन थांबलं. गाव वर्षभर अर्धवट झोपेत चालत होतं. मग म्हातारी उठली आणि तिनं तव्याएवढी भाकरी थापली. एक नव्हे, दोन. आणि वाढणारीनं स्वतः शेजारी पाट मांडून तेवढंच खाल्लं, कारण एकटीनं खाल्लेलं देवाला पोचत नाही.

"वाढनारीनं?" रतनबाई म्हणाली. "म्हंजी मी? गड्यांच्या आधी? ह्या वयात इज्जत घालवता व्हय माझी?"

"मी नाही. देवी."

बसली. एस्टीत दुसऱ्याच्या जागेवर बसावं तशी, अर्धीच, केव्हाही उठायच्या तयारीत. पहिला घास मोडला. चावता चावता थांबली. मला वाटलं, दात दुखला.

"ताई," ती म्हणाली, "गरम भाकर कशी लागती ते इसरलेच हुते मी."

ज्ञानेश्वरी खाली मान घालून हसत होती. सासू आणि सून दोघी समोरासमोर बसून भाकऱ्या संपवत होत्या आणि तीन गडी बाहेर खोकत होते. असं दृश्य त्या घरानं पाहिलं नसेल. माझ्या डोळ्यांपुढून तर सारखं विरघळत होतं, धुक्यात दिसावं तसं. कांद्याची लागण मी थांबवू शकले नाही, पण ज्ञानेश्वरी आता वाफ्यात वाकत नाही. पोटुशीची सावली रोपावर पडली तर कांदा पोसायचा सोडून डेंगळे, म्हणजे नुसते फुलाचे दांडे धरतो, असं मी सांगितलंय. शास्त्राधार विचारू नकोस.

रक्ताचं मात्र जमलं नाही.

ज्ञानेश्वरीचा गट बी. वाल्मिक गुपचूप तपासून आला, त्याचा ए, जुळत नाही. बन्सीभाऊंना विचारलं, तर टोपी सारखी करत म्हणाले, "रगात काडल्यावर शेतकऱ्यात काय ऱ्हायलं, बाई? चोथा." गोरक्ष दारातच उभा होता. मी त्याच्याकडे वळले. काही बोलायच्या आत तो म्हणाला,

"बाई, रक्ताचं नाव काडू नका ह्या घरात."

आणि गेला.

निकिताच्या वेळी तू त्या व्हरांड्यात ओरडला होतास, 'एक जण तरी हात पुढे करा रे.' दूध पिऊन वाढलेले अर्धा डझन गडी भिंतीला टेकून उभे होते. कुणी हलला नाही. नगरहून पिशवी येईपर्यंत सगळं संपलं, आणि मग इतका वेळ खाली असलेला एक हात वर आला, तो तुझ्या कानावर. हे मला दहाव्याला तिथल्याच एका म्हातारीनं सांगितलं. तू कधीच सांगितलं नाहीस. तुला हे कळवायचं राहिलं होतं, की मला ठाऊक आहे.

रक्तासाठीही एक कहाणी रचावी म्हणून रोज बसते. अनुष्टुभाची पहिली चार अक्षरं येतात आणि पुढे काही येत नाही. भाकरी देवीच्या नावावर खपली. हे मागायचं तर ज्याचं त्याच्याकडेच मागावं लागेल, सरळ मराठीत. आणि ते मी मागितलं, तर त्याचं उत्तर वर लिहिलंच आहे.

ताई


बेलापूर, २४ फेब्रुवारी

सुश्रुत,

दोघी आहेत. आधी एवढं वाच आणि पाणी पी.

मुलगी झाली. वजनाला थोडी कमी, आवाजाला नाही. काल सकाळी कळा सुरू झाल्यावर मीही त्यांच्या जीपमध्ये बसून गेले. तेच रुग्णालय, तोच व्हरांडा. भिंतींना नवा रंग दिलाय, पोपटी. खिडकीबाहेरच्या आंब्याला मोहर आला होता आणि वाऱ्यानं तो आत येऊन फरशीवर पसरत होता. कुणी झाडला तरी पुन्हा येई. मी बाकावर बसून त्याच्याकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, मी अजून दुपारच्या झोपेतच आहे, कडी वाजेल आणि जाग येईल.

डॉक्टरीण तरुण आहे, विंचरायला वेळ न मिळालेली. तिनं कागद पाहिला. रक्त साडेआठ. म्हणाली, "बरं केलंत एवढं तरी आणलंत. पण एक पिशवी तयार ठेवते. आत्ता शिल्लक नाही. घरातलं कोण देणार?"

तीन गडी भिंतीला टेकून उभे होते. रंग नवा, भिंत तीच.

पुढे झाली ती रतनबाई. पदर खोचून बाही वर सारली. "माझं घ्या. मला काय बी हुत न्हाई. चक्कर येती, तेवडीच."

तिचं बोट टोचलं. गट बी, जुळला. ती माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली, पहिला नंबर आल्यासारखी. तेवढ्यात रक्त काढणाऱ्यानं मान हलवली. "आजी, तुमचंच कमी आहे. तुम्हालाच पिशवी चढवावी लागेल."

"म्हंजी?"

"म्हणजे तुमच्यात देण्याइतकं नाही."

ती थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. इतकी वर्षं त्या हातानं थापलेल्या भाकऱ्या कुठे कुठे गेल्या, याचा जणू तिला आता पत्ता लागत होता. मग बाही खाली ओढून ती व्हरांड्यात आली. ओरडली नाही.

"माझ्यात न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली. "तुमच्यात हाय का बघा."

बन्सीभाऊंनी वय सांगितलं, आणि ते जास्त भरल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. वाल्मिक म्हणाला, "आये, माझं जुळत न्हाई गं." राहिला एक. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आंब्याच्या मोहराकडे पाहत होते. पावलं माझ्यासमोरून गेली, तेव्हा पाहिलं.

दुपारी, मुलगी झाल्यावर, ज्ञानेश्वरीला रक्तस्राव झाला. निकितासारखाच. डॉक्टरीण धावली, दार लागलं. पण या वेळी पिशवी खाटेशेजारी टांगलेली होती. फार वेळानं दार उघडलं आणि ती बाहेर येऊन भिंतीला टेकली, हातानं 'ठीक' म्हणाली. आज सकाळी ज्ञानेश्वरी उठून बसली आणि तिनं दोन भाकऱ्यांची शिदोरी मागितली. माप तिच्या लक्षात आहे.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती.

गोरक्षबरोबर आत मी गेले होते. त्यानं बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. तो खाटेवर आडवा झाला आणि त्यानं डोळे गच्च मिटले. सहा फुटी गडी, खुरकुतीच्या औषधाला बैल धरून ठेवणारा, मोकळ्या हातानं खाटेची कड आवळून होता. मी म्हटलं, "वनशब्द चालव."

"बाई, आत्ता?"

"आत्ता. वनम्, वने, वनानि."

तो चालवू लागला. द्वितीया झाली, तृतीयेला अडखळला, मी उचलून दिलं. चतुर्थी, पंचमी. बाहेरून मोहराचा वास येत होता. नळीतून ते गडद, निवांतपणे खाली उतरत होतं. त्याचा गट ओ निघाला. ओचं कुणालाही चालतं असं तो माणूस म्हणाला, बहुतेकांना. निकिताचा कोणता होता ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. त्याला तर कधीच नको.

षष्ठीपाशी रक्त काढणाऱ्यानं सुई काढून कापूस दाबला. "झालं. उठा, चहा घ्या."

गोरक्षनं डोळे उघडले. पिशवीकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं; कापसावर लाल टिपकासुद्धा धड उमटला नव्हता. मग तो माझ्याकडे वळला. वर्गात न समजलेलं विचारताना वळायचा तसा.

"बाई," तो म्हणाला, "एवढंच हुतं व्हय?"

चहा निवून गेला तरी तो हात तसाच धरून बसला होता. मला नानांचं सगळं पाठांतर येतं, सुश्रुत. त्यातलं काहीही आलं नाही.

मी म्हटलं, "हो रे. एवढंच."

तुझी,
ताई